न पडणारी गाडी

‘अढळ’ पडत नाही, हे एव्हाना शाळकरी पोरांनाही पाठ झालं होतं. मोटारसायकल घेतली की ती कधीतरी पडणार, गुडघे फुटणार आणि घरातली एखादी आत्या “सांगत होते, नको घेऊस” म्हणणार, हा आपल्याकडचा जुना रिवाज. चाकणच्या उद्यम मोटर्सने तो मोडून काढला. चिखल असो, वाळू असो, रस्त्यावर सांडलेलं डिझेल असो, अढळ आपली उभी. जाहिरातीत एक पैलवान तिला खांद्याने ढकलायचा, गाडी जराशी कलायची, पुन्हा सरळ व्हायची आणि पैलवानच फतकल मारून खाली बसायचा. लोक ही जाहिरात पुन्हा पुन्हा बघायचे आणि दर वेळी हसायचे.

ह्या गाडीचं डोकं ज्यांनी घडवलं त्यांचा म्होरक्या प्रज्योत काळोखे. राहणारा तळेगावचा, वय चाळिशीला टेकलेलं, स्वभाव तसा शांत. कामात मात्र असा बुडायचा की जेवणाच्या डब्यात आईने काय दिलंय हे डबा धुताना कळायचं. त्याला लोक हुशार म्हणत आणि तो होताच. पण हुशार माणसाला एक खोड असते. जी गोष्ट आपल्या हिशेबात बसत नाही ती चुकीची, असं त्याला पटकन वाटतं. प्रज्योतचं नेमकं तसंच झालं.

आता हे डोकं म्हणजे काय, ते जरा समजून घेऊ. गाडीच्या सीटखाली दोन जड भोवरे बसवलेले, एकमेकांच्या उलट दिशेने गरगरणारे. फिरता भोवरा वाकवायला जा, तो ऐकत नाही, उलट जोर लावतो. लहानपणी ज्याने जाळी गुंडाळून भोवरा खेळलाय त्याला हे सांगायला नको. त्याच जोरावर गाडी स्वतःला सावरते. ही युक्ती जुनीच होती, जगभर ठाऊक होती आणि तरी तिच्यावर गाडी विकणं कुणाला साधलं नव्हतं. कारण मोटारसायकल वळायची तर तिला कलावंच लागतं. प्रत्येक कलणं जर सरळ करत बसलं, तर गाडी कधी वळायचीच नाही. हे कलणं वळायचं आहे की पडायचं, हा फरक डोळ्यांचं पातं लवायच्या आत ओळखायचा, पडणं असेल तर रोखायचं आणि वळणं असेल तर मदतीचा हात द्यायचा. हे काम करणारं डोकं प्रज्योतने बनवलं आणि तेही भोवरे, बॅटरीसकट गरीब माणसाला परवडेल अशा भावात.

हे डोकं कुणी हाताने लिहिलेलं नव्हतं, ते शिकवलेलं होतं. लाखो किलोमीटर गाड्या फिरवल्या, सीटखालच्या तबकड्यांनी वजन कुठे पडतं ते टिपलं आणि यंत्राने स्वतःच अटकळ बांधायला शिकून घेतलं. मागे बसणाऱ्या माणसाचं काय, हा प्रश्न आलाच. आपल्याकडे मोटारसायकलवर बाईमाणूस मागे बसतं ते दोन्ही पाय डाव्या अंगाला सोडून. साडीचं जाळंही डावीकडे, पाय ठेवायची पट्टीही डावीकडे. प्रज्योतने आपल्या आईलाच बसवलं. आईने तिची अख्खी भिशी आणली. तळेगावच्या त्या बायका नटूनथटून, पिशव्या मांडीवर घेऊन, कंपनीच्या मैदानावर आणि चाकणच्या खड्ड्यांतून महिनोन्‌महिने फिरल्या. वर चहा आणि वडापाव मिळायचा, त्यामुळे चाचण्यांना कधी माणूस कमी पडलं नाही. यंत्र शिकलं की वजन डावीकडे ओढत असेल तर ती मागे बसलेली बाई, तिला सांभाळायचं. आणि वजन उजवीकडे ओढत असेल तर चालवणाऱ्याला उजवीकडे वळायचंय, त्याला मदत करायची.

ह्यात चूक कुठे आहे ती तुमच्या ध्यानात आलीच असेल. चाकणमध्ये कुणाच्या आली नाही. खरं म्हणजे एकाच्या आली होती.

त्या वर्षी कंपनीत आदेल नावाची मुलगी शिकायला आली होती. पश्चिम आफ्रिकेतल्या कोटोनू शहरातली, कंपनीच्या तिथल्या एजन्सीची तंत्रज्ञ. हॉस्टेलचं जेवण तिला जाईना, म्हणून प्रज्योतच्या आईने तिला घरीच ठेवून घेतलं. पिठलं-भाकरीवर तिचा जीव जडला, मोडकंतोडकं मराठी ती बोलायला लागली, आईला आई आणि प्रज्योतला दादा म्हणायला लागली. एकदा भिशीतल्या एक काकू तापाने आल्या नाहीत, तेव्हा आदेल म्हणाली, मी बसते. आईने तिला साडी नेसवली. ती हसत हसत आली आणि गाडीवर प्रज्योतच्या मागे बसली ती दोन्ही पाय उजवीकडे सोडून. तिच्या देशात वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात. पायरस्ता उजवीकडे असतो, तर माणूस त्याच बाजूला उतरणार, ह्यात नवल ते काय?

मैदानाच्या उजव्या वळणावर गाडीला झटका बसला. पडली नाही, वेग कमी होता. पण भोवऱ्यांचा आवाज बदलला आणि प्रज्योतच्या हातांना काहीतरी वेगळंच कळलं. त्याने गाडी थांबवली आणि मागे वळून म्हणाला, “आदेल, नीट बस. इकडे डावीकडे बसतात.” ती बिचारी ओशाळली, उतरून डावीकडे बसली आणि नंतर कायम तशीच बसत राहिली. ती एक फेरी प्रज्योतने शिकवणीतून काढून टाकली. बसणारी चुकीची बसली होती, असं त्याने मनाशी ठरवलं.

मनाशी ठरवलं खरं, पण चूक तिची नव्हे, हे त्याला संध्याकाळपर्यंत कळलं होतं. घरी जाताना चाकण-तळेगाव रस्त्यावर त्याच्या डोक्यात आलंही, की ज्या देशांत उजवीकडून चालतात तिथे काय होईल? पण ते दिवसच असे होते. युरोप-जपानच्या बड्या नावांनी स्वस्त गाड्यांचा नाद सोडून दिला होता आणि जगाच्या गरीब अर्ध्याला गाड्या पुरवायचं भांडण आता आपल्यासारख्यांचं आपल्यासारख्यांशीच उरलं होतं. चीनची एक कंपनी तिची न पडणारी गाडी दोन महिन्यांत बाजारात आणणार अशी बातमी होती, इंडोनेशियाची एक तिच्या मागोमाग. आफ्रिकेतल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांच्या हातात जो पहिला पोचेल, खंड त्याचा. नव्याने शिकवायचं म्हणजे सहा महिने गेले. पुढच्या आवृत्तीत बघू, असं तो स्वतःला म्हणाला आणि झोपलाही.

परदेशी पाठवायच्या गाड्यांचे बाकीचे सोपस्कार मात्र काटेकोर झाले. उजव्या बाजूच्या रहदारीसाठी दिव्याचा झोतसुद्धा बदलला. कोटोनूत चाचण्या झाल्या, त्या पुरुषांना मागे दोन्हीकडे पाय टाकून बसवून आणि वाळूची पोती लादून. पोतं कुठे एका अंगाला पाय सोडून बसतं? सगळ्या चाचण्या उत्तम पार पडल्या आणि अढळ चिनी गाडीच्या आधी तिथे पोचली.

यशाचं काय सांगावं. चाकणला तिसरी पाळी सुरू झाली. आदेल परत जाऊन तिथल्या दुरुस्ती केंद्राची प्रमुख झाली. आणि हळूहळू एक गोष्ट घडली, जिची कुणी योजना केली नव्हती. गाडी पडतच नाही म्हटल्यावर विमावाले म्हणायला लागले की मग पडली तर दोष चालवणाऱ्याचाच. पोलीसही तेच धरून चालले. पूर्वी अपघात झाला की खड्डा, पाऊस, नशीब, ब्रेक, असं दहा जणांवर जायचं. आता सगळं बोट एकाच माणसाकडे वळायचं. कंपनीने ह्याला विरोध केला नाही. उलट ती एक प्रकारची जाहिरातच होती.

आदेलचा फोन आला तेव्हा प्रज्योत कॅन्टीनमध्ये पोहे खात होता. तिची मावशी गेली होती. मावशीचा सेना नावाचा मुलगा अढळवर टॅक्सी चालवायचा, तो आईला रोज मासळीबाजारात सोडायचा. मोठ्या चौकात एरवी गर्दीमुळे रांगत वळावं लागे, त्या दिवशी रस्ता मोकळा होता; उजवीकडे वळताना गाडी आडवी झाली आणि मागून येणाऱ्या ट्रकला थांबता आलं नाही. सेनाला अटक झाली होती. बेदरकारपणे चालवून आईचा जीव घेतला, असा आरोप. तो एकच सांगत होता, गाडीनेच खाली खेचलं. कुणी ऐकत नव्हतं.

“दादा, अढळ पडते का रे?” आदेलने विचारलं.

“नाही पडत,” प्रज्योत म्हणाला.

तोंडातून निघून गेलं. वर्षभर शेकडो जणांना दिलेलं उत्तर होतं, ते जिभेवर तयारच असायचं. फोन ठेवल्यावर समोरचे पोहे त्याला दिसेनासे झाले. मावशी कशी बसली होती, हे त्याने विचारलं नव्हतं. विचारायची गरजच नव्हती.

तो तसाच उठून मैदानावर गेला. चाचणीचा रबरी पुतळा त्याने मागे उजव्या अंगाला बसवून पट्ट्याने बांधला आणि गाडी दुरून चालवायच्या यंत्रणेवर टाकली. सरळ रस्त्यावर काही नाही. डाव्या वळणावर काही नाही. उजव्या वळणावर हळू नेली तर नुसता झटका, पण वेगाने घातली आणि गाडीने पुतळ्याचं वजन आणि वळायचा कल दोन्ही एकत्र मोजून, मोठ्या मायेने मदत करत, स्वतःला जमिनीवर झोकून दिलं. पुतळा घसरत कुंपणापर्यंत गेला. प्रज्योत तिथेच उन्हात उभा राहिला. आपण एका बाईला मारलं, हे वाक्य त्याच्या मनात आलं आणि ते खोडून काढायला त्याला दुसरं वाक्य सापडेना.

घरी आईला नुसतं मावशी गेल्याचं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, आदेलला फोन लावून रडली. मग प्रज्योतला म्हणाली, “नीट बसली नसेल रे बिचारी. म्हातारं माणूस.” प्रज्योत ताटावरून उठला.

वैजयंती सबनीस म्हणजे त्याच्या वरिष्ठ. करारी बाई, पण वाईट म्हणता येणार नाही. प्रज्योतने त्यांना सगळं सांगितलं, आदेलची ती फेरी काढून टाकल्याचंसुद्धा.  त्या म्हणाल्या की आधी दुरुस्ती पाठव, आज, आत्ता. त्यात एक क्षण घालवू नकोस. त्यांच्या ह्या बोलण्याने प्रज्योतला त्यांच्याविषयी आदरच वाटला. नव्याने शिकवायला वेळ लागला असता, पण तात्पुरता बांध घालणं सोपं होतं. मागच्या सीटवर वजन असेल तर उजव्या ओढीला मदत करायचीच नाही, एवढाच नियम. उजवीकडे वळताना गाडी जरा आळशी होते, पण पडत नाही. कामाला लागला तो जागेवरून हललाच नाही. जगभरातल्या गाड्या चार्जिंगला लागतील तशी ही सुधारणा त्यांच्यात आपोआप उतरत गेली. नाव दिलं होतं ‘नेहमीची सुधारणा’. पुतळा पुन्हा उजवीकडे बसवून पाहिला. गाडी अढळ.

आता उरलेल्यांचे जीव वाचले, असं वाटून त्याला रडू आलं. सबनीस मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन तो म्हणाला की आता सेनाबद्दल कळवायला हवं.

“काय कळवणार?” मॅडमनी विचारलं. “चीनवाले टपून बसलेत. आपण तोंड उघडलं की अढळ संपली. हे अख्खं चाकण ह्या एका गाडीवर उभं आहे, प्रज्योत. आणि बोलून वाचणार कोण? गाड्या तर दुरुस्त झाल्या.”

“सेना वाचेल.”

“त्याला आपण उत्तम वकील देऊ. कुणाला न कळता. अपघाताची तिथे जी चौकशी चाललीय तिला कंपनीतर्फे तू जा. गाडी दाखव, विचारतील तेवढंच सांग आणि परत ये.”

आणि प्रज्योतने मान डोलावली. पुढे त्याला कुणी विचारलं असतं की तुझी चूक कुठली, तर त्याने ती काढून टाकलेली फेरी सांगितली नसती. ती घाई होती, मूर्खपणा होता. हे मान डोलावणं मात्र त्याने सगळं कळून सवरून केलं होतं.

कोटोनूच्या विमानतळावर आदेल आली होती. तिने त्याला मिठी मारली, आईची चौकशी केली. गाडीत ती सांगत होती की सेनाला चौकशीपुरतं सोडलंय, पण तो जेवत नाही आणि कुणाशी बोलत नाही. त्याने चौकशीत एकच मागणं केलंय. माझ्या आईसारखं एका बाईला मागे बसवा, त्याच बाजूला, मांडीवर टोपली द्या, आणि गाडी त्याच वेगाने उजवीकडे वळवून बघा. चौकशी करणारे गृहस्थ निवृत्त न्यायाधीश, सरळ माणूस, त्यांनी ते मान्य केलं होतं. आदेलचा चेहरा उजळला होता. सेनाचं खरं असेल तर आता कळेलच, ती म्हणाली, आणि गाडीत काही खोट निघाली तर तू ती सुधारशील, मला ठाऊक आहे.

प्रज्योत खिडकीबाहेर बघत राहिला. रस्त्यावर अढळच अढळ होत्या. कितीतरी बायका मागे बसल्या होत्या, पाय उजवीकडे सोडून, निवांत, मांडीवर पोरं आणि पाट्या घेऊन. सगळ्या आता सुखरूप होत्या. जी गोष्ट सेना सिद्ध करायला निघाला होता ती, ट्रकखाली चिरडलेली त्याची गाडी सोडली, तर जगातल्या एकाही गाडीत उरली नव्हती. प्रज्योतने ती स्वतःच्या हातांनी पुसली होती, पुण्याचं काम म्हणून. हे त्याच्या त्या क्षणी लक्षात आलं. त्याने तेव्हाच आदेलला सांगायला हवं होतं. पण ती इतक्या आशेने बोलत होती, की उद्या सांगू, असं त्याला वाटलं. माणूस किती वेळा उद्या म्हणू शकतो, ह्याला काही सुमार नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका मोठ्या मैदानावर सगळे जमले. न्यायाधीश खुर्चीवर, बाजूला पोलीस, विम्याची माणसं, बाजारातल्या काही बायका. सेना तिशीतला, उंच, खांद्यात वाकलेला तरुण होता. त्याने प्रज्योतकडे पाहिलं नाही. गाडीकडे मात्र तो डोळा न हलवता बघत होता. आदेल स्वतः मागे बसली, पाय उजवीकडे सोडून, मांडीवर मावशीचीच टोपली. तिने प्रज्योतकडे बघून मान हलवली, भिऊ नको म्हणून. चाचणीचा चालक निघाला. सरळ गेला, वेग घेतला, उजवीकडे वळला. गाडी कलली आणि सावरली. पुन्हा वळवली. पुन्हा तेच. आणखी वेगाने वळवली, तरी ती आपली उभी.

विम्याची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बाजारातली एक बाई काहीतरी पुटपुटली आणि तिने सेनाकडे पाठ फिरवली. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. सेना जागेवरून उठला, गाडीपाशी गेला, सीटवरून हात फिरवला. मग तो सरळ प्रज्योतपाशी आला आणि त्यांच्याकडच्या ‘फोन’ नावाच्या भाषेत हळू आवाजात बोलायला लागला. आदेल धावत आली. तिने त्याचं बोलणं मराठीत सांगितलं.

“म्हणतोय, मला वाटलं गाडीने खेचलं. तसं नव्हतं. माझ्याच हाताने झालं. मी तुमच्या गाडीला खोटा बोल लावला. म्हणतोय, मला माफ करा.”

सेनाने त्याचे दोन्ही हात धरले होते. मोठे, घट्टे पडलेले, थंडगार हात. प्रज्योतला वाटलं, आपण इथेच मातीत गाडले जावं.

“तिला तू नाही मारलंस,” तो म्हणाला. “मी मारलं. आदेल, सांग त्याला. गाडीत दोष होता. ती गेल्यावर मी तो काढून टाकला. म्हणून आज गाडी पडली नाही.”

आदेलने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने सांगितलं. सेनाने ऐकून घेतलं, मान हलवली आणि प्रज्योतच्या हातावर थोपटलं. काय म्हणाला, ते आदेलने सांगितलं. म्हणतोय, तुम्ही भले गृहस्थ आहात. पण माझं मन राखायला खोटं बोलू नका.

न्यायाधीशांनीही तेच मानलं. परक्या माणसाला कणव आली, असा त्यांचा चेहरा होता. ते कागद आवरायला लागले. प्रज्योतच्या आयुष्यात त्याच्या शब्दावर कुणी अविश्वास दाखवला नव्हता. आज पहिल्यांदाच तो चारचौघांत हे खरं बोलला होता, आणि समोर त्याच्याच हातची निर्दोष गाडी उभी होती.

मग त्याने जे केलं त्याचा विचार त्याने आधी केला नव्हता. पिशवीतून लॅपटॉप काढला, गाडीला वायर जोडली आणि जुनं डोकं पुन्हा तिच्यात भरलं, मावशी गेली त्या दिवशीचं. मॅडमचा फोन वाजत होता, तो त्याने बंद केला. न्यायाधीशांना म्हणाला, आता एकदाच बघा, मागे मी बसतो, जबाबदारी माझी. त्यांनी होकार दिला. चालवायला मघाचा चालक तयार होईना. सेनाला विचारलं, तर त्याने दोन्ही हात मागे घेतले. आता जन्मात कुणाला मागे बसवणार नाही, म्हणाला.

“मी चालवते,” आदेल म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. प्रज्योतने तिला हेल्मेट, गुडघ्यांची आणि कोपरांची जाड कवचं चढवायला लावली, गाडी कलली की डावीकडे अंग झोकून दे, हँडल सोड, असं दोनदा बजावलं.  तो मागे बसला, पाय उजवीकडे सोडून, मांडीवर टोपली घेऊन. बसायला फार अवघड वाटत होतं. असं तो कधी बसलाच नव्हता.

आदेलने वेग घेतला आणि गाडी उजवीकडे घातली. भोवऱ्यांचा आवाज खाली उतरला. गाडीने दोघांचं वजन उचलल्यासारखं केलं आणि अंगाखालून निघून गेली. प्रज्योत खांद्यावर आपटला. काहीतरी कडकन मोडलं. टोपली लांबवर गडगडत गेली. 

आदेल बाजूला पडली होती, ती खरचटलेल्या तळव्यांवर उठून बसली. तिने हेल्मेट काढलं. प्रज्योतकडे ती अशी बघत होती की तळेगावच्या त्या घरात आता ती कधी येणार नाही, हे त्याला कळलं.  न्यायाधीश खुर्चीतून उठून पुढे येत होते, विम्याची माणसं फोन लावत होती. त्यातलं त्याला फारसं ऐकू येत नव्हतं. श्वास घेतला की खांद्यातून कळ डोक्यापर्यंत जात होती.

सेना सावकाश चालत आला आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. आधी त्याने आडव्या पडलेल्या गाडीकडे पाहिलं, मग प्रज्योतकडे. काहीतरी विचारलं.

“दुखतंय का, विचारतोय,” आदेल म्हणाली.

“हो.”

सेना पुन्हा बोलला. ह्या वेळी आदेलला सांगायला वेळ लागला. “विचारतोय, तिलाही असंच दुखलं असेल का?”

नाही म्हणता आलं असतं. ती लगेच गेली, तिला काही कळलं नसेल, असं चार माणसं सांगतात, तसं सांगता आलं असतं. मॅडमनीही तेच सांगायला लावलं असतं. प्रज्योतने डोळे मिटले आणि उघडले.

“ह्याच्याहून जास्त,” तो म्हणाला.

आदेलने सेनाकडे पाहिलं. “सांग त्याला,” प्रज्योत म्हणाला. मग तिने सांगितलं.

सेनाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो रडायला लागला. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मग तो आईला हाका मारत मोठ्याने रडायला लागला, मैदानभर ऐकू जाईल असा. आई गेल्यापासून तो रडलाच नव्हता, आदेल जमिनीकडे बघत म्हणाली. ज्याच्या हाती गाडी होती त्याने रडायचं कोणत्या तोंडाने, असं म्हणायचा.

प्रज्योतला उचलायला दोघे जण स्ट्रेचर घेऊन धावत आले. त्याने धड असलेला हात वर करून त्यांना थांबवलं. सेनाचं रडून होईपर्यंत आपण इथून उठायचं नाही, एवढं तरी आपल्याला करता येईल, असं त्याला वाटलं, आणि तो दात आवळून तसाच पडून राहिला.